चाकणची गाडी, जर्मनीची पाटी

माझ्या भाच्याने जर्मनीत मोटारसायकल विकत घेतली आणि कायमचा घरी येण्याआधी तीन आठवडे तो तिच्यावरून युरोप हिंडला. नातेवाईकांत ही गोष्ट आतापर्यंत तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हांनी पोचली आहे. परवा एका लग्नात तर मलाच कुणीतरी सांगितलं की पोरगा जर्मनीहून थेट नवापूरला गाडीवर आला म्हणे! आला असता तर मला आनंदच झाला असता. पण तसं झालेलं नाही, आणि का झालं नाही हेही ऐकण्यासारखं आहे. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो. (भाच्याची परवानगी घेतली आहे. बहिणीची घेतलेली नाही. ती हे वाचत नाही, पण कुणीतरी तिला वाचून दाखवेलच, याची खात्री आहे.)

भाचा चौदा वर्षं स्टुटगार्टला होता. वय एक्केचाळीस. त्याचे वडील, म्हणजे माझे मेव्हणे, २०२१ च्या रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी गेले. तो कोरोनाचा दुसरा तडाखा होता, सगळ्यांना आठवतच असेल. भाच्याला येता आलं नाही. अंत्यविधी त्याने फोनच्या पडद्यावर पाहिला. फोन मीच धरला होता. त्याबद्दल आम्ही दोघं आजवर एकदाही बोललेलो नाही. तेव्हापासून माझी बहीण नवापूरला एकटी. गुडघे गेलेले. ऑपरेशन करायचं ठरलं, पण "पोरगा आल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही" हे तिचं पक्कं. शेवटी २०२५ च्या उन्हाळ्यात भाच्याने पुण्यात नोकरी मिळवली आणि तिकडचा गाशा गुंडाळायचा ठरवला. बहिणीने खोलीला रंग दिला, गादी नवी भरून घेतली.

आणि मग त्याचा मला फोन. आईला नाही, मला. "मामा, ऑगस्टअखेर नोकरी संपते. पण मी सप्टेंबरभर येत नाही. मी मोटारसायकल घेतली आहे."

मी शिक्षक माणूस. मुलाने वेडंवाकडं उत्तर दिलं तरी आधी त्याची रीत विचारायची ही सवय. म्हटलं, का बरं? तो म्हणाला, "मामा, विमानात बसलो की आठ-नऊ तासांत मुंबई, दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या खोलीत. मला मध्ये थोडा रस्ता पाहिजे."

मला ते एकदम पटलं. कसं पटलं ते बहिणीला समजावून सांगणं मात्र मला शेवटपर्यंत जमलेलं नाही.

आता गाडीबद्दल. जुनी होती, २०२१ सालची, केटीएम कंपनीची ३९० ॲडव्हेंचर. केटीएम ऑस्ट्रियाची कंपनी, म्हणून याने मोठ्या हौसेने घेतली. व्यवहार झाल्यावर विकणारा माणूस याच्याकडे पाहून हसला आणि म्हणाला, ही तुमच्याच देशात बनलेली आहे. खरंच! ही लहान इंजिनाची मॉडेलं बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तयार होतात आणि तिथून जगभर जातात. म्हणजे हा पठ्ठ्या सहा-साडेसहा हजार किलोमीटर लांब जाऊन चाकणची गाडी युरोत विकत घेऊन बसला. आणि आता त्याची नवी नोकरीही चाकणलाच. मी फोनवर इतका हसलो की सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली.

परवान्याची कथा वेगळीच. आपला भारतीय परवाना जर्मनीत वास्तव्याच्या पहिल्या सहा महिन्यांपुरता चालतो. पुढे तिथली लेखी परीक्षा, तिथली चालवण्याची परीक्षा. मोटारीचा परवाना त्याने पूर्वीच काढला होता, पण मोटारसायकलचा वेगळा. त्यासाठी गावाबाहेरच्या रस्त्यावर, महामार्गावर आणि रात्रीच्या अंधारात असे ठरलेले तास शिकवणीत भरावे लागतात. शिक्षक मागून मोटारीत बसून येतो आणि विद्यार्थ्याच्या कानात यंत्रातून सूचना देतो. जो मुलगा पंधराव्या वर्षी विसरवाडीच्या बाजारातून कोंबड्या चुकवत राजदूत चालवायचा, त्याला चाळिशीनंतर प्लास्टिकच्या सुळक्यांमधून अगदी हळू गाडी काढायला शिकवत होते. भाचा सांगतो, वेगात चालवणं सोपं, हळू चालवून तोल सांभाळणं हीच खरी परीक्षा. मला ते शिक्षक फार आवडले. पस्तीस वर्षं वर्गात ओरडण्याऐवजी मुलांच्या कानात हळूच सांगायची सोय असती तर!

पहिला बेत खरोखरच घरापर्यंत यायचा होता. जुन्या काळी लोक तसं करतच. साठ-सत्तरच्या दशकात युरोपातली मंडळी गाड्या काढून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत आपल्याकडे यायची. आपले काही लोकही विलायतेत गाडी घेऊन त्याच वाटेने घरी आले. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या शेवटी रशियाने अफगाणिस्तानात सैन्य घातलं आणि ती वाट मोडली. इराणमधून पाकिस्तान, तिथून वाघा, अशी एक वाट पुढेही चालू राहिली. पण पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये अटारीची चौकी बंद झाली आणि जूनमध्ये इराण-इस्रायल युद्ध पेटलं. राहिली मध्य आशिया आणि चीनची वाट. चीनमध्ये स्वतःची गाडी न्यायची तर परवाने आणि सोबत तिथला मार्गदर्शक लागतो, आणि तो खर्च याच्या आवाक्याबाहेरचा.

रस्ता मिळाला असता तरी कागद होतेच. या प्रवासाला कार्ने नावाचं एक पुस्तक लागतं. गाडीचा पासपोर्टच म्हणा ना. आपल्याकडच्या गाड्यांना ते मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन देते, जर्मनीतल्या गाड्यांना तिथला मोटार क्लब. मोठी रक्कम हमी म्हणून ठेवायची. प्रत्येक देशात शिरताना शिक्का, निघताना शिक्का. शिरल्याचा आहे आणि निघाल्याचा नाही, तर त्या देशाची जकात हमीतून गेली. आपल्या देशाचाही नियम तोच : कार्नेवर आलेली गाडी सहा महिन्यांत परत बाहेर न्यायची. म्हणजे पाहुणी म्हणून या, राहायला नको.

मग जहाजाने पाठवून, जकात भरून, कायमची? तर तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आयात करता येत नाही आणि ही चार वर्षांची. मी म्हटलं, अरे पण ती मूळची आपल्याच चाकणची ना! त्याने मुंबईतल्या एका कस्टम एजंटला विचारलं. एजंटने सांगितलं की इथून निर्यात झालेला माल परत आणायला सवलत आहे, पण मधल्या काळात मालकी बदललेली नसली तरच. इथे तर ती बदललीच होती. मुलगी एकदा दिली की दिली, असा तो प्रकार.

आमच्या भागातल्या माणसाला हे ऐकून खरं तर नवल वाटू नये. नवापूरच्या रेल्वे स्टेशनवरचा तो बाक सगळ्यांना माहीत आहे, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. १ मे १९६० ला सीमा आखली ती स्टेशनातून गेली. मेव्हण्यांनी १९८४ साली राजदूत घेतली ती व्याऱ्याहून, जुनी, गुजरात पासिंगची. व्यारा ते नवापूर अंतर किती, तासाभराचं. पण तिकडची ना हरकत, इकडचा कर, पुन्हा तिकडचा एक शिक्का राहिला, असं करत ती गाडी महाराष्ट्राची व्हायला पुढची दिवाळी उजाडली. तोवर मेव्हणे चेकनाक्यावरच्या पोलिसाला रोज रामराम घालून जात.

ही राजदूत म्हणजे आमच्या कुटुंबातलं एक माणूसच. मेव्हणे पशुधन पर्यवेक्षक होते. मागे बर्फाचा डबा, त्यात लसी, आणि पाड्यापाड्यांवर फेऱ्या. पावसाळ्यात ओढे उतरायची वाट बघत काठावर बसायचं. पेट्रोलमध्ये ऑईल मोजून घालायचं, प्लगला काजळी धरली की तो काढून पॉलिश पेपरने घासायचा. भाचा लहानपणी टाकीवर बसून जायचा आणि बापाच्या छातीला टेकून झोपायचा. मेव्हणे निवृत्त झाल्यावरही गाडी विकली नाही. घरामागच्या शेडमध्ये ती अजून उभी आहे.

तर या राजदूतचं मूळ पोलंडचं आहे, हे मला भाच्याने सांगितलं तेव्हा आधी खोटंच वाटलं. एस्कॉर्ट्स कंपनी ती फरिदाबादला बनवायची, 'बॉबी' चित्रपटात (१९७३) तिची धाकटी बहीण झळकली, तिच्याएवढं देशी दुसरं काय असणार? पण खरंच, साठच्या दशकात एस्कॉर्ट्सने एसएचएल एम-११ नावाच्या पोलिश गाडीचा परवाना घेतला आणि तीच राजदूत झाली. पोलंडमध्ये ती गाडी साठच्या दशकातच बंद पडली. आपल्याकडे दूधवाल्यांनी आणि ग्रामसेवकांनी ती पुढे चार दशकं पळवली.

मग आम्ही दोघं मामा-भाचे हिशेब करत बसलो. जावा-येझदी कुठली? म्हैसूरला १९६१ पासून बनायची, पण माहेर झेक. बुलेट मद्रासची, माहेर इंग्लंड. लॅम्ब्रेटा मिलानची. बजाजची पहिली स्कूटर म्हणजे इटलीची व्हेस्पा. परवान्याची मुदत १९७१ मध्ये संपली आणि बजाजने स्वतःच्या नावाने चेतक काढली. तिच्यासाठी माणसं वर्षानुवर्षं नंबर लावून बसायची. ज्याचा कुणी नातेवाईक परदेशात असेल आणि परकीय चलनात पैसे भरील, त्याला मात्र स्कूटर लवकर मिळायची. आमच्या मुख्याध्यापकांचा असा कुणी नातेवाईक नव्हता. त्यांची चेतक आली तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आणि माझी स्वतःची लूना? पुण्याच्या फिरोदियांची ना? तीही पिआज्जिओच्या मोपेडवरून केलेली! आयुष्यभर मी जिला पायडल मारून चढ चढवला ती बाई इटालियन निघाली.

भाच्याने तिथेच ठरवलं : किएल्त्से, टिनेत्स, मिलान, पोन्तेदेरा. या सगळ्यांची माहेरं पाहून यायची. चाकणच्या गाडीवर बसून.

आता बहीण. तिला हे सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. गणपतीचे दिवस. मी मोदक घेऊन नवापूरला गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "निघणार कव्हा?" म्हटलं, आठ सप्टेंबरला. तिने भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं. आठ सप्टेंबर म्हणजे पितृपक्षाची प्रतिपदा. "पितरांच्या पंधरवड्यात कोणी प्रवासाला निघतं का? आणि बापाचं श्राद्ध दशमीला. चार वर्षं दिराने केलं. या वर्षी पोरगा मोकळा आहे, तर तो फिरायला चालला." यावर मी काय बोलणार? तिचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. ती चार वर्षं एका दिवसाची वाट बघत होती. आणि त्याचंही चुकत नव्हतं.

त्यातच ती योगेश आळेकरीची बातमी आली. मुंबईचा हा तरुण मे महिन्यात मोटारसायकलवर निघाला, नेपाळ, चीन, मध्य आशिया, रशिया करत इंग्लंडपर्यंत पोचला, आणि ऑगस्टच्या शेवटी नॉटिंगहॅमच्या एका बागेबाहेरून त्याची गाडी चोरांनी पळवली. पासपोर्ट, पैसे, सामान, सगळं गाडीवर. गाडी कुठली? तीच, केटीएम ३९० ॲडव्हेंचर. बहिणीने पेपर मला फोनवर वाचून दाखवला, शेवटची ओळ दोनदा. मी भाच्याला कळवलं, तर त्याने लगेच एक मोठं कुलूप विकत घेतल्याचा फोटो पाठवला. पुढे मॅन्सफिल्डच्या एका मोटारसायकल विक्रेत्याने आळेकरीला तशीच गाडी देऊ केली, तीही बातमी मी बहिणीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "सगळ्यांना असा दुकानदार भेटत नाही."

तो निघाला. पहिला मुक्काम ड्रेस्डेन, दुसरा पोलंडमधलं व्रोत्सवाफ. रोज रात्री आईला फोन करायचा, असा करार.

१० सप्टेंबरची सकाळ मी विसरणार नाही. पहाटे रशियाचे ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले, नाटोच्या विमानांनी त्यातले काही पाडले, वॉर्सॉचा विमानतळ काही तास बंद ठेवला. आपल्या वाहिन्यांवर तर तिसरं महायुद्ध सुरूच झालं होतं. अकरा वाजता बहिणीचा फोन. नुसतं रडणं. मी भाच्याला लावला, उचलेना. तिथे तेव्हा साडेसात वाजले होते. पुन्हा लावला, नुसतीच घंटा. मी शाळेतला जुना नकाशासंग्रह पिशवीत घातला, रस्त्यावर येऊन मिळेल ती काळी-पिवळी धरली आणि नवापूर गाठलं. तिच्यासमोर पोलंडचं पान उघडून ठेवलं. हे बघ, रशिया-युक्रेन हे इकडे पूर्वेला. ड्रोन आले ते या बाजूने. पोरगा काल रात्री इथे, पश्चिमेला. मध्ये किती जागा आहे बघ. ती नकाशावर बोट ठेवून बसून राहिली. नकाशा काय सांगतो हे तिला कळत होतं, सातवीपर्यंत शिकली आहे ती, माझ्याच जुन्या पुस्तकांवर. तो आज पूर्वेलाच, वॉर्सॉकडेच निघणार आहे, हे मला माहीत होतं. मी ते तिला सांगितलं नाही.

तीन वाजता त्याचा फोन आला. एका पेट्रोल पंपावर थांबला होता. सकाळी फोन बंद आवाजावर, नंतर जाकिटाच्या आतल्या खिशात. त्याला काही पत्ताच नव्हता! रस्त्यावर लोक नेहमीसारखे कामाला चालले होते, पंपावरची बाई शांतपणे सॉसेज भाजत होती. बहिणीने फोन घेतला आणि ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. फोन माझ्या हातात देताना म्हणाली, "भाऊ, तू त्याले फूस दी." पुढचे काही दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

वॉर्सॉत त्याला एक अनपेक्षित गोष्ट भेटली : कोल्हापूर. दुसऱ्या महायुद्धात निर्वासित झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते ४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले होते. त्याची आठवण म्हणून वॉर्सॉत स्मारक आहे. २०२४ मध्ये आपले पंतप्रधान तिथे गेले होते तेव्हा पेपरात आलं होतं. मी इतिहास शिकवला, पण वळिवडे आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. भाच्याने तिथे गाडी लावून फोटो काढला. आईला पाठवला तो फोटो, तर तिने उत्तर दिलं : जेवलास का.

मग किएल्त्से. हेच ते एसएचएलचं गाव. कारखाना बघायला जाऊन काही उपयोग नव्हता, मोटारसायकली तिथे बनणं कधीच थांबलं. पण तो ज्या घरी उतरला होता तिथल्या मालकाच्या ओळखीतून एक म्हातारबाबा निघाले. ऐंशीच्या पुढचे, गॅरेजमध्ये एक एम-११ जपून ठेवलेली. भाषा एकमेकांची शून्य, नातीच्या फोनवर भाषांतर. भाच्याने राजदूतचा जुना फोटो दाखवला, त्यात मेव्हणे, मागे बर्फाचा डबा, टाकीवर हा स्वतः. म्हातारबाबांनी फोटोतल्या गाडीच्या पुढच्या चिमट्यावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या गाडीच्या चिमट्यावर. तोच! मग त्यांनी विचारलं की गाडीवर हा डबा कसला. जनावरांच्या लसींचा, हे कळल्यावर त्यांनी टोपी काढली म्हणे. का काढली ते भाषांतरात आलं नाही. तरुणपणी त्यांच्या घरी गाई होत्या, एवढं नातीने सांगितलं.

दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. भाच्याने आवाज रेकॉर्ड करून आईला पाठवला. मी त्या दिवशी नवापूरलाच होतो, तिची औषधं घेऊन गेलो होतो. तिने फोन कानाला लावला, एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं. म्हणाली, "ही आपली नाही. आपली आधी खोकायची." मग तिसऱ्यांदा ऐकलं.

श्राद्धाची दशमी १६ सप्टेंबरला आली. इकडे दिराने सगळं केलं. भाचा त्या दिवशी झेकमध्ये टिनेत्सला होता. साझावा नावाच्या नदीकाठचं गाव, जावाचा कारखाना इथला. त्याने त्या दिवशी गाडी काढली नाही, कारखानाही पाहिला नाही. उतरलेल्या घरी भात शिजवला, वर दूध-साखर घातली आणि एक घास मागच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. बराच वेळ काही आलं नाही. मग एक काळा-पांढरा, लांब शेपटीचा पक्षी आला. संध्याकाळी आईने विचारलं, "शिवला का?" तो म्हणाला, "आई, कावळा नव्हता, काळा-पांढरा होता." ती जरा थांबली. "सगळं खाल्लं का?" "खाल्लं." "मग झालं."

पुढचं भराभर सांगतो. ऑस्ट्रियात मॅटिगहोफेन, केटीएमचं गाव. कंपनी २०२४ च्या अखेरीस दिवाळखोरीत निघाली होती, मधले काही महिने उत्पादन बंद होतं, आणि ती वाचवायला पैसे आले ते आपल्या बजाजकडून. (नोव्हेंबर २०२५ मध्ये ताबाही बजाजकडेच आला.) चहाच्या टपरीसारख्या एका दुकानात याने पुण्याला नोकरी लागल्याचं सांगितलं, तर एका कामगाराने कॉफीचे पैसे घेऊ दिले नाहीत. ज्या व्हेस्पाचा परवाना घेऊन आपण सुरुवात केली, त्याच घरातून आता हे! मेव्हणे असते तर त्यांना ही बातमी तीनदा सांगावी लागली असती, इतके ते खूश झाले असते. ऑस्ट्रियात महामार्गासाठी स्टिकर विकत घ्यावा लागतो, झेकमध्ये मोटारसायकलला माफी, इटलीत नाक्यानाक्यावर पैसे. आल्प्सच्या घाटात पाऊस आणि थंडी, बोटं वाकेनात. मिलानला लॅम्ब्राटे हा भाग पाहिला. लॅम्ब्रेटाचं नाव तिथलं. पोन्तेदेराला पिआज्जिओचं संग्रहालय आहे, तिथून त्याने मला फोटो पाठवला : काचेपलीकडे नाही, अगदी हाताशी, एक जुनी मोपेड. माझ्या लूनाची थोरली बहीण. रंगसुद्धा जवळपास तोच. मी तो फोटो मोठा करून घेतला आहे.

महिनाअखेर तो स्टुटगार्टला परत पोचला. साधारण सव्वाचार हजार किलोमीटर झाले. गाडी ऑफिसातल्या एका मित्राने आधीच मागून ठेवली होती, त्याला दिली. मी विचारलं, वाईट वाटलं का रे? म्हणाला, चावी देताना नाही वाटलं. नंतर ट्रॅममध्ये बसल्यावर हात सारखे क्लच शोधत होते.

दसरा चुकला. त्याबद्दल अजून ऐकतो आहे, तोही आणि मीही. ५ ऑक्टोबरला पहाटे तो नवापूर स्टेशनवर उतरला. बहीण गुडघे धरून स्टेशनवर आली होती. घरी गेल्यावर तो बापाच्या खोलीत गेला, दार लोटून घेतलं. तासाभराने बाहेर आला आणि चहा मागितला. बहिणीने मला खुणेने काही विचारू नको म्हणून सांगितलं, जणू मी विचारणारच होतो.

गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, एकाच पायाचं. दुसरा उन्हाळ्यात. भाचा सोमवार ते शुक्रवार चाकणला असतो, महिन्यातून दोनदा येतो. त्याचं ते जाडजूड प्रवासाचं जाकीट बहिणीने तीन वेळा धुतलं, तरी आल्प्सचा चिखल शिवणीतून पुरता निघालेला नाही. शेडमधली राजदूत बाहेर काढली आहे. इंजिन बसलेलं आहे, टाकीला आतून गंज, सीटमध्ये उंदरांनी संसार केलेला. नंदुरबारचा एक जुना मिस्त्री म्हणतो, करून देतो पण सुटे भाग तुम्ही शोधा. भाच्याने किएल्त्सेच्या नातीला यादी पाठवली आहे. कार्ब्युरेटर खोलून स्वयंपाकघरातल्या परातीत रॉकेलमध्ये भिजत घातला होता, त्यावरून मागच्या रविवारी मायलेकरांचं मोठं भांडण झालं.